डाव्या हाताचा घास: न्यू जर्सीच्या एका रीहॅबमधली केस, असिस्टंटच्या खुर्चीतून

मी न्यू जर्सीत एका सबअ‍ॅक्यूट रीहॅबमध्ये ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट आहे, इकडे सगळे ओटीए म्हणतात. सबअ‍ॅक्यूट म्हणजे हॉस्पिटलने सोडलं पण घरी जाण्याइतकं अजून जमत नाही, अशा पेशंटला काही आठवडे ठेवतात ती जागा. ही केस तिथलीच. वय, गाव, घरच्या गोष्टी थोड्या इकडच्या तिकडे केल्यात, कोणी ओळखू नये म्हणून. आपल्याकडची बरीच मुलंमुली मला विचारतात की हा कोर्स करावा का, काम नक्की काय असतं, आणि नुसतं "पेशंटला रोजची कामं परत शिकवायची" असं सांगून काहीच कळत नाही, म्हणून एकच केस पूर्ण लिहिते.

पेशंट काकू, सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, पंधरा-वीस वर्षं मुलाकडे एडिसनला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या आतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली, लॅक्युनर स्ट्रोक, त्यामुळे उजवा हात आणि पाय गेला. डाव्या मेंदूच्या मोठ्या स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा बोलणंच जातं, तसं यांचं नव्हतं. उच्चार थोडे बोबडे झालेले पण शब्द सगळे जागेवर आणि डोकं एकदम तल्लख. उजवा खांदा थोडासा उचलायच्या, कोपर वाकायचं, बोटं मिटायची पण उघडायची नाहीत. खांद्याचा सांधा किंचित खाली सरकलेला, सबलक्सेशन, म्हणजे त्या हाताला धरून कोणी ओढलं तर संपलंच. (हे प्रत्येक नातेवाइकाला सांगावं लागतं, कारण उठवताना पहिला हात तिथेच जातो.)

अ‍ॅडमिशनला इथे सेक्शन जीजी नावाचं स्कोअरिंग करतात, १ ते ६. ६ म्हणजे स्वतःचं स्वतः, १ म्हणजे सगळं दुसऱ्याने. जेवण, दात घासणं, शौचानंतरची स्वच्छता, आंघोळ, वरचे कपडे, खालचे कपडे, चपला-मोजे, प्रत्येकाचा वेगळा आकडा. काकूंचं जेवण २, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम मदतनीस करतो, आणि शौचस्वच्छता १. जेवण २ का? डावा हात तर ठणठणीत. तो आकडा बघून कोणीतरी तेव्हाच थांबायला हवं होतं, पण आकडे भरायचे असतात आणि पुढचा पेशंट वाट बघत असतो.

कोण काय करू शकतं हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पेशंटचं मूल्यमापन ओटी करते, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गोल, म्हणजे पेशंटला किती दिवसांत काय जमायला हवं ते, ती ठरवते, प्लॅन तिच्या सहीचा. रोजची ट्रीटमेंट बहुतेक वेळा माझ्यासारखी असिस्टंट देते. मी मूल्यमापनात मदत करू शकते, काही टेस्ट घेऊ शकते, निरीक्षणं देऊ शकते, पण अर्थ लावून गोल बदलणं माझ्या लायसन्समध्ये बसत नाही. ओटीला २००७ पासून इथे मास्टर्स लागतं आणि २४ आठवड्यांचं फुलटाइम फील्डवर्क, म्हणजे खऱ्या पेशंटबरोबर शिकाऊ काम. असिस्टंटला साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री आणि १६ आठवड्यांचं फील्डवर्क, मग एनबीकॉट या देशपातळीवरच्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची चार तासांची परीक्षा, पास व्हायला ४५० स्केल्ड स्कोअर, मग राज्याचं लायसन्स. सर्टिफिकेट टिकवायला दर तीन वर्षांनी ३६ युनिटचं शिक्षण दाखवायचं. पगार बरा आहे, सरकारी आकडेवारीत २०२३ चा मध्यम पगार वर्षाला ६७ हजार डॉलरच्या आसपास होता. पण कोर्सची फी आणि फील्डवर्कचे बिनपगारी महिने घरात आधीच बोलून घ्या, माझ्या वर्गातल्या ज्या मुली सोडून गेल्या त्या अभ्यासामुळे नाही, त्या महिन्यांत घरभाडं कोण देणार यावर सोडून गेल्या.

नातेवाईक अजूनही विचारतात म्हणजे नर्सच का. नाही. आणि हा विषय अमेरिकन फॅडही नाही, मुंबईत केईएमला १९५० मध्ये ओटीची शाळा सुरू झाली, कमला निंबकरांनी केली, त्या स्वतः मूळच्या अमेरिकन. आपल्याकडे मात्र ओटी म्हणजे सरळ पूर्ण डिग्री, ही असिस्टंटची मधली पायरी इकडची.

असो, काकू.

काकूंचं मूल्यमापन झालं तेव्हा मी सुट्टीवर होते. आधी फोनवरचा दुभाषी लावला, तो मिळाला हिंदीचा, आणि काकू प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणत राहिल्या, म्हणून मग मुलगाच भाषांतराला बसला. मुलगा चांगला, आईसाठी धडपडणारा. पण विचार करा, ओटी विचारतेय शौचाला गेल्यावर स्वच्छता कशी करता, कोणत्या हाताने, पाणी की पेपर, आणि हे मुलाने आईला विचारायचंय. त्याने विचारलंच नाही. "शी यूज्ड टू डू एव्हरीथिंग हरसेल्फ" एवढं सांगितलं, ओटीने लिहिलं की आधी सगळं स्वतंत्रपणे करायच्या, आवड स्वयंपाक आणि टीव्ही. त्यावरून गोल आले: दोन आठवड्यांत पेशंट डाव्या हाताने, जाड मुठीच्या चमच्याने, फक्त मांडून दिल्यावर पाऊण जेवण स्वतः करेल. दुसरा, शौचानंतरची स्वच्छता डाव्या हाताने, देखरेखीखाली. दोन्ही गोल स्वतंत्रपणे बघितले तर अगदी बरोबर, मला टेस्टमध्ये विचारलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं.

मी परत आले तोवर चार्टमध्ये वेगळंच चित्र. सकाळ आणि दुपारचा ट्रे जवळपास न शिवता परत. "स्वतः जेवायला नकार", "चेहऱ्यावर भाव नाही", वजन उतरतंय, डाएटिशियनने लाल झेंडा लावलेला, डिप्रेशनची गोळी सुरू करायची का यावर बोलणं चाललेलं. स्ट्रोकनंतर डिप्रेशन खरंच येतं, त्यामुळे तो विचार चुकीचा नव्हता. फक्त एक गोष्ट चार्टमध्ये नव्हती. संध्याकाळी सून घरून मऊ भात आणि घट्ट वरण आणायची (स्पीच थेरपिस्टने गिळायला त्रास म्हणून बारीक-ओलसर अन्न सांगितलेलं, पातळ आमटी बंद, पण घट्ट वरणभात चालेल म्हणाली), आणि सून भरवायची, आणि काकू व्यवस्थित जेवायच्या. इथला ट्रे मात्र तसाच परत जायचा, मग सीएनए, म्हणजे पेशंटचं जेवणखाण-आंघोळ बघणारी मदतनीस, बिचारी ट्रे बघून लिहिणार काहीच खाल्लं नाही. भूक होती. सुनेच्या हाताने चालत होतं, सीएनएच्या हाताने नाही, आणि स्वतःच्या डाव्या हाताने तर मुळीच नाही.

आमच्या कोर्समध्ये अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणून एक प्रकार असतो, एखाद्या कामाचे तुकडे तुकडे करायचे, कुठला स्नायू, कुठली पकड, कुठे नजर लागते, कुठे क्रम लागतो. पहिल्या सेमिस्टरला कंटाळा येतो, दात घासण्याचे पानभर तुकडे लिहायचे. मी जेवणाचे तसे तुकडे मनात करून बघितले, चमचा पकडतात, ताट दिसतं, तोंडापर्यंत हात जातो, गिळता येतं. एकही तुकडा मोडलेला नव्हता.

उलगडलं ते जेवणाच्या वेळी नाही, टॉयलेटमध्ये. त्या दिवशी आमचं सेशन जेवणाआधी लागलेलं. कमोडवर ट्रान्सफर, मग स्वच्छता. पेपर त्यांना नकोच होता म्हणून मी पाण्याची पिळायची बाटली दिली, इथे बाळंतिणीला देतात ती. आता एक अडचण बघा, चालता हात एकच, त्यानेच बार धरायचा आणि त्यानेच धुवायचं. म्हणून बसूनच, मी शेजारी उभी, त्यांच्या कंबरेला गेट बेल्ट म्हणजे तोल गेला तर धरायचा पट्टा, त्या जरा पुढे आणि एका कुशीवर झुकल्या आणि डाव्या हाताने पहिल्यांदाच नीट स्वतःचं स्वतः धुतलं. माझ्यासाठी आनंदाचा क्षण, १ वरून ३ वर उडी. साबणाने हात धुतले, व्हीलचेअरवर बसवलं, बाहेर आलो तर ट्रे मांडलेला.

"काकू, दोन घास तरी खा बघू."

"ह्या हाताने?"

"हो, चमच्याने खायचंय."

"अगं आत्ता तूच होतीस ना आत माझ्याबरोबर. ह्याच हाताने धुतलं मी. आणि आता ह्याच हाताने जेवू?"

"साबणाने धुतलाय की आपण."

"धुतलाय गं. मला काय तेवढं कळत नाही?"

आम्ही त्यांच्या शरीरात जो एकच हात उरला होता त्याला दोन्ही कामं लावली होती, आणि पहिलं काम जितकं चांगलं जमत होतं तितकं दुसरं अशक्य होत होतं. माझं टॉयलेटचं सेशन जितकं यशस्वी, तितकं जेवण बंद.

आता इथे कोणी म्हणेल की मराठी होती म्हणून कळलं. थोडंफार खरं. पण मला माहीत असूनही आधी सुचलं नाहीच, आणि दुसरं म्हणजे मराठी पेशंट म्हटलं की हेच असणार असं धरून चालणंही तितकंच धोक्याचं, कारण त्याच वर्षी आमच्याकडे एक पुण्याचे काका होते, उजवाच हात गेलेला, ते पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने काट्याने पास्ता खात होते आणि वर मलाच विचारत होते की मीठ कुठंय. म्हणून संस्कृतीवरचं प्रकरण पाठ करून उपयोग नाही. फील्डवर्कला माझी एक सुपरवायझर होती, ती स्वतःही असिस्टंटच, ती म्हणायची पेशंटला "हे जमतं का" असं विचारू नकोस, "हे तुम्ही आधी कसं करायचात" असं विचार, आणि हाताने करून दाखवायला सांग. काकूंना तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता, कारण विचारायला मुलगा बसवला होता.

मग मी काय केलं. लायसन्सप्रमाणे मी जेवणाचा गोल खोडून दुसरा लिहू शकत नव्हते. आणि खरं सांगू का, बऱ्याच असिस्टंट इथे दोनपैकी एक करतात, एकतर गप्प बसून लिहिलेला गोल रेटत राहतात आणि नोटमध्ये "पेशंटचा नकार" लिहितात, नाहीतर कागदावर जुना गोल ठेवून प्रत्यक्षात आपल्याला वाटेल ते करतात. दुसरं वरून दयाळू दिसतं, पण मग कागदाप्रमाणे पेशंट नापास आणि जे खरं काम झालं ते कुठेच नाही, शिवाय पुढच्या शिफ्टला काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं. मी त्याच दुपारी ओटीला गाठलं आणि निरीक्षणं लिहून दिली: पेशंट टॉयलेटमध्ये डावा हात वापरते, त्यानंतर त्याच हाताने जेवायला नकार, कारण तिच्याच शब्दांत, संध्याकाळी सून भरवते तेव्हा पूर्ण जेवते, म्हणजे भूक आणि गिळणं आड येत नाहीये, गोल पुन्हा बघावा ही विनंती.

ओटी हुशार बाई, पण तिचं पहिलं उत्तर ठरलेलं, हात धुण्याबद्दल समजावून सांग. मी म्हटलं काकूंना ते माहीतेय. जंतूंचा प्रश्न नाहीये, पायातली चप्पल धुतली म्हणून ताटात ठेवत नाही आपण, तसं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः खाली आली. या वेळी मराठीच दुभाषी हवा म्हणून आम्ही आधीच फोन करून ठेवलेला. मी दुभाषाचं काम करायला नाही म्हटलं, आणि हे नवीन मुलींनी लक्षात ठेवा: आपली भाषा येते म्हटल्यावर सगळं बिल्डिंग तुम्हाला बोलवायला लागतं, डॉक्टरपासून बिलिंगपर्यंत, पण संमती, औषधं, गोल ठरवणं यात अधिकृत दुभाषी हवा. माझं भाषांतर चुकलं तर जबाबदारी कोणाची, आणि मी त्यांची थेरपी करणार की त्यांचा आवाज होणार. "पाणी हवंय का" एवढं मी बोलतेच, तो प्रश्न नाही.

मुलगा खोलीत नव्हता. काकू मोकळ्या बोलल्या. ओटीने विचारलं, तुमच्या मते नीट जेवणं म्हणजे काय व्हायला हवं. काकू जरा वेळ गप्प, मग म्हणाल्या, सत्यनारायणाला ह्यांच्या हाताला मी हात लावून बसायचे, पूजा ते करायचे, पण माझीही व्हायची ना? तसा उजवा हात घासाला लागला पाहिजे. बाकी ओझं डाव्याने उचललं तर उचलू दे.

दुभाषीबाईंनी हे भाषांतर करताना पूजेचं दोनदा समजावलं. ओटीच्या चेहऱ्यावर कळलं की ट्यूब पेटली, कारण ही थेरपीच आहे. लुळा हात कामात ठेवायचा, चांगल्या हाताने त्याला वाहून न्यायचं, आम्ही एरवी पेशंटच्या मागे लागून हे करून घेतो आणि इथे पेशंट स्वतः मागत होती. गोल बदलला: उजव्या तळहाताला वेल्क्रोचा पट्टा, त्यात चमचा खोचलेला, डाव्या हाताने उजव्या मनगटाला खालून आधार देऊन घास तोंडापर्यंत. पट्ट्याला युनिव्हर्सल कफ म्हणतात, स्वस्त वस्तू. दमल्यावर उरलेलं सीएनए किंवा सून भरवेल, आणि ते नकार म्हणून लिहायचं नाही.

यात बारीकसारीक गोष्टी खूप. बेडवरचं सरकतं टेबल त्यांच्या छातीपर्यंत यायचं, तेवढ्यावर खांदा वर खेचला जातो आणि सबलक्सेशनवर ताण. म्हणून बेड नाहीच, व्हीलचेअरमध्ये ताठ बसून, टेबल कोपराच्या उंचीला, कोपर कायम टेकलेलं, हात वर न्यायचाच नाही, तोंड थोडं खाली आणायचं. ताटाखाली न घसरणारी रबरी चटई, ताटाला एका बाजूने उभी कड म्हणजे चमचा भरताना भात बाहेर ढकलला जात नाही. चमचा सरळ लावला तर तोंडाशी येईपर्यंत उपडा व्हायचा कारण मनगट वळत नव्हतं, म्हणून वाकवलेला चमचा. पहिल्या दिवशी चारपाच घास आणि घामाघूम. वरण साडीभर, म्हणजे गाऊनभर, काकू साडीच म्हणायच्या. पण ट्रे पहिल्यांदाच अर्धा रिकामा गेला, उरलेलं सीएनएच्या हातून खाल्लं, आणि मला वाटतं एकदा स्वतः सुरुवात केली की परक्याच्या हातचं त्यांना चालत होतं.

टॉयलेटच्या बाजूला इतकं सरळ नाही गेलं. ओटीने लांब दांडीचा वायपर सुचवला, पेपर धरायचा चिमटा असतो तो. काकूंनी हातात घेऊन बघितला आणि परत दिला, त्यावर चर्चाच नाही. बाटली चालू ठेवली. घरासाठी मुलाने बिडे, म्हणजे कमोडवर बसल्याबसल्या पाण्याने धुणारं उपकरण, लावायचं ठरवलं, उत्साहात लगेच ऑर्डरही केला, सीटखाली बसवायचा साधा. नशिबाने सुनेने फोटो दाखवला. अशा बहुतेक बिड्यांची कळ उजव्या हाताला असते. काकूंचा उजवा हात तिथे पोचणारच नाही आणि डावा अंगावरून वळवून तिकडे न्यायचा म्हणजे सीटवरून पडायचं. परत पाठवला, रिमोटवाला घेतला, रिमोट डाव्या भिंतीला. जेवणाइतकाच वेळ आम्ही त्या रिमोटच्या जागेवर घालवला, मुलाने बाथरूमचं माप टेपने घेऊन आणलं आणि आम्ही इथे भिंतीवर चिकटपट्टी लावून सराव केला.

कपड्यांचं थोडक्यात: घालताना लुळी बाजू आधी, काढताना शेवटी, हे त्या दोन दिवसांत शिकल्या. साडी हा गोल त्यांना हवा होता, आम्ही घेतला नाही, वेळ नव्हता.

वेळ का नव्हता ते सांगते. साध्या मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, अशा जागी १०० दिवसांपर्यंत मिळू शकतात, पहिले २० पूर्ण, पुढे रोजचा हिस्सा पेशंटचा. पण काकूंचा प्लॅन खाजगी कंपनीकडून चालणारा अ‍ॅडव्हांटेज प्रकारातला, तिथे कंपनी मधेमधे नोट्स बघून ठरवते. जेवणात सुधारणा दिसायला लागली आणि पत्र आलं की कव्हरेज संपतंय, किमान दोन दिवस आधी द्यायचं असतं तसं दिलं. घरच्यांनी अपील केलं, फेटाळलं गेलं. माझं मत विचाराल तर आणखी दोन आठवडे मिळायला हवे होते, पाय अजून कच्चा होता. इथे एक गंमत, वाईट अर्थाने: प्रगती नाही लिहिली तर म्हणतात फायदा होत नाही, बंद करा, प्रगती लिहिली तर म्हणतात आता घरी जमेल, बंद करा. नोटमध्ये नेमकं लिहावं लागतं की आज जे जमलं ते थेरपिस्टच्या कोणत्या कौशल्यामुळे जमलं आणि कौशल्य काढलं तर काय धोका. "पेशंट जेवली" या वाक्याला किंमत शून्य.

कोर्स करणाऱ्यांनी पैशाचा हा भागही बघून ठेवा. बाहेरून येणाऱ्या पेशंटच्या थेरपीत, मेडिकेअर पार्ट बी, २०२२ पासून असिस्टंटने दिलेल्या ट्रीटमेंटला ८५ टक्केच पैसे मिळतात, बिलावर आमच्यासाठी वेगळा कोड लागतो. त्यामुळे काही क्लिनिक असिस्टंट घ्यायला कचरतात. आणि रीहॅबमध्ये प्रॉडक्टिव्हिटीचा धोशा, ८५-९० टक्के वेळ पेशंटसमोरच दिसला पाहिजे. मी त्या दुपारी ओटीशी जे बोलले, त्यातला एक मिनिटही बिलात बसत नाही.

जाताना काकूंचे आकडे: जेवण ५, म्हणजे मांडून आणि पट्टा बांधून दिला की बाकी स्वतः. शौचस्वच्छता ४, कोणीतरी जवळ उभं हवं. वरचे कपडे ४, खालचे ३, चपला-मोजे २ वरच अडकले, मोजे घालायचं साधन एका हाताने लावणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. बोटं थोडी उघडायला लागली होती पण धरलेली वस्तू सोडणं अजून नव्हतं. गोळी सुरू झाली नाही, मूडचं स्क्रीनिंग परत केलं तर ठीक आलं.

डिस्चार्ज समरी ओटीने लिहिली, माझ्या नोट्सवरून. घरी येणाऱ्या थेरपिस्टसाठी त्यात तीन गोष्टी ठळक करून टाकायला मी सांगितल्या: डाव्या हाताने जेवणाचा गोल परत घालू नका, आणि कारण लिहा. प्रश्न विचारताना मुलाला बाहेर बसवा, सूनबाई चालतील. आणि साडीचा गोल पेशंटचा स्वतःचा आहे, आधी खुर्चीत बसून निऱ्या आधीच शिवलेल्या साडीने सुरुवात करून बघा, सून शिवून ठेवणार आहे.